गाळलेलं नाव

माझी आई धुळ्याला नर्स होती. तिच्या वॉर्डात म्हातारी, थकलेली माणसं जास्त, आणि त्यांतल्या काहींचा शेवट तिच्यासमोरच होई. अशा वेळी ती खाटेजवळ बसून, हात हातात घेऊन, आमच्या चर्चमध्ये मरणाऱ्यासाठी म्हणतात ती प्रार्थना हळू आवाजात म्हणे. तिच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, ती तिच्याकडून लहानपणीच पाठ करून घेतली होती. आबा पिंपळनेरला मिशनच्या शाळेत मास्तर होते. ‘हे प्रभू येशू, हे तुझ्या कळपातलं कोकरू, तुझ्या रक्तानं सोडवलेला हा पापी, याला तुझ्या हाती देतो,’ अशी त्या प्रार्थनेची सुरुवात.

ऐंशीच्या दशकात, मी कॉलेजात जाऊ लागले होते तेव्हा, साक्रीकडच्या एका शेतकऱ्याची आई तिच्या वॉर्डात होती. म्हातारीचा श्वास अडकू लागला तशी आई जवळ बसली आणि प्रार्थना म्हणू लागली. मुलाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हात जोडून म्हणाला, “तुमनी प्रार्थना चांगली शे बाई. पन मन्ही माय आमना देवलेच वळखस.”

आईने घरी येऊन भाकरी थापता थापता हे मला सांगितलं. “बरोबर बोलला तो. त्याची माय त्यांच्याच देवाला ओळखणार,” ती म्हणाली. “जाणाऱ्या जिवाला ओळखीचं काहीतरी ऐकू यायला हवं.”

त्यानंतर तिने प्रार्थना बदलायला घेतली. ‘येशू’ काढलं. ‘रक्त’ काढलं. ‘पापी’ हा शब्द तर कुणाच्याच लेकरांना ऐकवत नसे, तोही काढला. कोकरू राहिलं, कारण मेंढरं सगळ्यांनाच ठाऊक. पण हाक कुणाला मारायची ते ठरेना. ‘देवा’ म्हटलं की मुसलमान घरची माणसं अवघडून बसत. शेवटी एका म्हाताऱ्या पिंजाऱ्याच्या खाटेशी तिने त्याच्या मुलालाच विचारलं, “काय म्हणू?”

तो म्हणाला, “मालिक कहो, सिस्टर. मालिक तो सबका है.”

मग तेच ठरलं. ‘मालका, हे तुझ्या कळपातलं कोकरू. दमून आलंय. याला आत घे.’ एवढीच प्रार्थना उरली. घरची माणसं ऐकत, डोळे पुसत, काही जण तिच्यामागून म्हणत.

मला वाटायचं, आईने फार चांगलं केलं. तिला तसं वाटत नव्हतं. रविवारच्या उपासनेत प्रभुभोजनाची, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घ्यायची वेळ झाली की, मनात दोष असताना ते घेऊ नये म्हणून ती मान खाली घालून बाकावरच बसून राही. मी पुढे जाऊन येई, ती जागची हलत नसे. चर्चच्या पाळकांच्या ते लक्षात आलं. एका संध्याकाळी ते घरी आले, चहा झाल्यावर त्यांनी सरळच विचारलं, आणि आईने सगळं सांगून टाकलं.

ते म्हणाले, “त्या माणसांना धीर येतो ना, सिस्टर?”

“येतो. पण मी त्याचं नाव गाळते. पेत्राने दुसरं काय केलं होतं?”

“पेत्र स्वतःचा जीव वाचवायला ‘मी येशूला ओळखत नाही’ असं खोटं बोलला. तुम्ही कुणासाठी करताय?”

“कुणासाठीही असो. नाव तर गाळलंच.”

उठताना पाळक म्हणाले, “करा, असं मला म्हणता येत नाही. करू नका, असंही म्हणवत नाही.”

आई आणखीच खचली. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात पिंपळनेरहून निरोप आला, आबांचं काही खरं नाही. आम्ही मिळेल त्या एसटीने गेलो. आबा पडवीत खाटेवर होते. बोलणं थांबलं होतं, पण हाक मारली की बोटं हलत. मामा म्हणाला, “अक्का, प्रार्थना तूच म्हण.”

आईने त्यांचा हात हातात घेतला. “मालका, हे तुझ्या कळपातलं कोकरू. दमून आलंय…”

“अक्का,” मामा हळूच म्हणाला, “आपली म्हण ना.”

आई थांबली. ‘हे प्रभू येशू’ म्हणाली, कोकरापर्यंत आली, आणि पुढचं तिला आठवेना. तिने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडली. मामी पुस्तक आणायला आत धावली. मामाने प्रार्थना वाचून पुरी केली तोवर आबांची बोटं हलायची थांबली होती.

तिला कुणी काही बोललं नाही. माती देऊन परतताना मामाने समजूत घातली, “त्यांनी ऐकलं असेल गं.”

आई म्हणाली, “तेच तर. मी अडले, तेही ऐकलं असेल.”

धुळ्याला आल्यावर तिने वॉर्डात प्रार्थना म्हणणं बंद केलं. औषधपाणी करी, चादर सारखी करी आणि बाजूला होई. मग एका दुपारी एका बाईने तिची वाट अडवली. नवरा शेवटच्या घटका मोजत होता. “सिस्टर, मागच्या वेळी आम्ही इथे होतो तेव्हा शेजारच्या बाबांजवळ तुम्ही काहीतरी म्हणत होता. आमचं काय चुकलं?” आई तिच्यासोबत गेली आणि ‘मालका’पासून सगळं म्हणाली. त्या दिवशी घरी येऊन ती जेवली नाही. पण निवृत्त होईपर्यंत तिने पुन्हा कुणाला नाही म्हटलं नाही.

नव्वदच्या दशकात ती माझ्याकडे जळगावला राहायला आली. इथल्या चर्चमध्ये एका रविवारी ती अचानक प्रभुभोजनाला उठली. घरी येताना मी विचारलं, “मनातलं गेलं का गं?”

“नाही. ते जायचं नाही,” ती म्हणाली. “पण उपाशी तरी किती दिवस बसायचं?”

त्यानंतर ती दर रविवारी पुढे जाई, पण सगळ्यांच्या शेवटी, रांग संपत आल्यावर.