उजवी नस सापडेना

पेशंट आत टेबलावर होता आणि बाहेर त्याचा धाकटा भाऊ दार ढकलत होता. मधे मी.

मी नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात कॅथ लॅबची मावशी आहे. कॅथ लॅब म्हणजे हृदयाच्या नसा तपासायची खोली. मनगटातून बारीक नळी थेट हृदयापर्यंत नेतात, त्यातून औषध सोडतात, मग स्क्रीनवर नसा दिसतात. पेशंटला तयार करणं, साफसफाई आणि दार सांभाळणं ही माझी कामं. मला चार माणसांत बोलता येत नाही. बहुतेक म्हणूनच दारावर ठेवलंय.

पेशंट जवळच्याच पावणे गावचा, पंचेचाळिशीतला. छातीत दुखायला लागलं तेव्हा घरच्यांनी गॅस समजून सोडा पाजला. आमच्याकडे आला तो घामाने निथळत. हार्ट अटॅक. डॉक्टर सरांनी लगेच आत घेतलं. डावीकडच्या नसा मोकळ्या निघाल्या, म्हणजे अडथळा उजव्या नसेत. पण ती जिथून सगळ्यांची निघते, तिथे नव्हतीच. सर नळी फिरवत राहिले. बीपी उतरत चाललं.

सिस्टरने दारातून डोकं बाहेर काढलं. "वेळ लागेल. उजवी नस सापडत नाही."

सलाइन लावताना सिस्टर हेच म्हणतात. भाऊ भडकला.

"नस सापडत नाय? दादूसच्या हातावर दोरीसारखी नस हाय! शिकाऊ पोरी बसवल्यात काय?"

"दादा, हातातली नाही, ती..." मी म्हणाले. माझं मलाच ऐकू आलं नाही.

"मावशी, तुमी गप बसा!"

पेशंटची बायको रडत होती. ती म्हणाली, "अवो, उजवीकडं नसंल भेटत तर डावीकडं बगा ना!"

"दार उघडा. मी दादूसला दुसरीकडं नेतो."

नळी हृदयापर्यंत गेलेली. हलवला असता तर खालच्या गेटपर्यंतसुद्धा टिकला नसता. दाराला आतून कडी नसते. मी पाठ लावून उभी राहिले. धीट म्हणून नाही, पाय हलेनात म्हणून.

तेवढ्यात सिस्टरचा आवाज आला. "सापडली! डावीकडून निघालीये."

भाऊ थांबला. वहिनीकडे बघत राहिला.

फुग्याने वाट मोकळी केली, आत जाळी बसवली. पेशंट वाचला. सरांनी बाहेर येऊन नीट समजावलं, "यांची उजवी नस जन्मापासूनच डाव्या बाजूने निघते. फार थोड्या लोकांत असं असतं."

"म्हंजे वयनी बरोबर बोलली."

सर दमले होते. "हो," म्हणाले.

संपलं. दोन दिवसांत पावण्याहून माणसं यायला लागली. पेशंटला हात जोडायची आणि वहिनीजवळ बसायची. एका म्हाताऱ्याने तर तिला आपला गुडघा दाखवला.

सरांनी मग आम्हाला ताकीद दिली. बाहेर 'नस' म्हणायचं नाही, 'धमनी' म्हणायचं. पुढच्याच पेशंटच्या वेळी सिस्टरने सांगितलं, "धमनीला जाळी लावतायत." त्याचा मुलगा ताडकन उठला. "धामणी गावाला? पप्पांना तिकडं कुणी न्यायला सांगितलं?"

आता निरोप मीच देते. "काम चालू आहे, सर येऊन सांगतील." यातून कुणाला काहीच कळत नाही. म्हणून कुणी भांडतही नाही.