घाणेरी

"घाणेरीनं घाणेरीच आणली."

सर हे मराठीत बोलले. प्रयोगशाळेत मराठी समजणारे आम्ही दोघंच. बाकीच्यांना कळलं नाही, पण सर हसले म्हणून तेही हसले. माझ्या हातात पाल्याची पिशवी होती. रेल्वे क्वार्टरमागची घाणेरी, लाल-पिवळ्या फुलांची. रायपुरात तिला राईमुनिया म्हणतात. खरचटलं की आई तोच पाला चोळायची.

मीही हसले. त्याची लाज अजून जात नाही.

घरी आईला सांगितलं. तिनं जवळ घेतलं नाही. म्हणाली, "तो बोलला ते बोलला. तू काहून हासली?"

राज्य नवं झालं होतं. राजधानीच्या पाट्या नव्या, साहेबांच्या गाड्या नव्या. सरांचं डोकं तेवढं जुनं. पहिल्याच दिवशी त्यांनी आडनाव विचारून घेतलं. बाबा रेल्वेत खलाशी, आम्ही बौद्ध, हेही काढून घेतलं. तेव्हापासून सगळ्यांच्या प्रयोगाच्या काचेच्या प्लेटा मीच धुवायच्या. एरवी माझ्याशी हिंदी. मराठी फक्त टोचायला. साक्षीदार नको असला की मातृभाषा आठवायची. केवढा शूर माणूस.

माझ्या प्रबंधासाठी पाच झाडांचा पाला तपासायचा होता. प्लेटमध्ये जिवाणू पसरायचे, त्यावर अर्कात भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ कडं दिसलं, तर तिथले जिवाणू मेले. पाचांत एक ही घाणेरी, एक तुळस. तुळस सरांच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरच्या अंगणातली. अंघोळ करून स्वतः तोडली, अर्कही स्वतःच काढला. माझा हात लागायला नको ना.

प्लेट उजेडाला धरली. घाणेरीभोवती शर्टाच्या बटणाएवढं लख्ख कडं. तुळशीच्या चकतीला जिवाणू खेटून बसलेले. तीनदा केलं. तीनदा तेच. तुळशीशी माझं भांडण नाही. तिच्या मालकाशी आहे.

सर जवळ आले. हळू आवाजात, अर्थात मराठीत, म्हणाले, "चकत्यांची अदलाबदल झाली तुझ्याकडून. नावं बदलून लिही. सही मलाच करायची आहे."

सही नाही तर एम.एस्सी. नाही. पण आईचं 'काहून' कानात होतं. मी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं हिंदीत म्हणाले, "सर कह रहे हैं, राईमुनिया की जगह तुलसी लिख दो। और उस दिन इन्होंने मुझे घाणेरी कहा था। घाणेरी मतलब गंदी।"

कुणी हसलं नाही.

"मजाक था," सर म्हणाले. आता बरी हिंदी आठवली.

सहीसाठी त्यांनी मला वर्षभर खेटे घालायला लावले. घातले. नावं बदलली नाहीत. प्रबंधात लॅटिन नावाखाली मराठीत लिहिलंय, घाणेरी.

आता मीही शिकवते. माझ्याकडे ज्याची प्लेट तो धुतो. आणि कुणी माझ्या कानाशी येऊन अपमान केला, तर तो मी चारचौघांत सांगते, सगळ्यांना कळेल त्या भाषेत. पुन्हा हसणार नाही.