काही न मागणारं भूत

अख्ख्या लालबाग-परळात भुतांशी घरोबा असलेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. गिरणीत कापडाच्या मागाला साचा म्हणत. हे साचे चालवायचे, म्हणून चाळीत ते साचेवाले काका. मूळचे मालवणकडचे, त्यामुळे भुतांच्या बाबतीतलं शिक्षण गावीच पुरं झालेलं. वडाळ्याला मेहुणीकडे जाताना मिठागराच्या कडेला चपला हातात घेऊन चार पावलं अनवाणी चालायचे. का, तर म्हणे, "हद्द बदलता." चाळीच्या संडासात शिरण्याआधी मोठ्यानं खाकरायचे, आणि ते माणसांसाठी नव्हे. कोकणात प्रत्येक जागेला एक राखणदार असतो, त्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, हा त्यांचा कायदा. त्यांनी मुंबईलाही तो लागू केला होता. माझी आई म्हणायची, "ह्यांच्या शेजारी राहून आपल्याला भूत लागायचं नाही. लागलंच तर आधी ह्यांची परवानगी काढून लागेल."

गिरणी कामगारांच्या संपाला तेव्हा पुष्कळ वर्षं लोटली होती. माझे वडील त्या संपातच खचले. "संप चालू आहे," एवढंच शेवटपर्यंत म्हणत गेले. मी नोकरीला लागलो आणि आमच्या खोलीत देव्हाऱ्याखाली कॉम्प्युटर आला. एका गाजलेल्या भुताच्या सिनेमावरून काढलेला गेम मित्राने दिला. सिनेमा काकांनी पाहिला होता आणि नापास केला होता. "भुताचे पाय सरळ! शाळेत जाता काय तां?" तरी गेम बघायला खुर्ची ओढून बसले. ओसाड हवेली, आत अडकलेले आपण, बाहेर पडायची वाट शोधायची. मी बाह्या सरसावल्या. पण गेम कसला, पोरखेळ! फाटकाशी कंदील घेतलेलं पहारेकऱ्याचं भूत उभं. त्याच्यावर माउस दाबला की ते मुकाट हात पुढे करून चावी देई. फाटक उघडलं, अभिनंदनाची पाटी आली, आणि आईने दिलेला चहा अजून गरमच होता.

"हात्तिच्या!" मी म्हणालो. काका हसले नाहीत. पडद्याकडे बघत म्हणाले, "काय एक न मागता वाट सोडणारा भूत बरा नाय रे. ता नंतर मागता."

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळ झाली की काका हजर. फाटकापर्यंत जायचं आणि थांबायचं. चावी घ्यायची नाही. भूत हात पुढे करून उभं, काका इकडे बसलेले, मधे माझा दीडवितीचा पडदा. त्याला द्यायला गेममध्ये कुठे काही मिळतं का ते शोधायचे. मिळेना, तेव्हा कीबोर्डवर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. दोन दिवसांत मुंग्यांनी आतपर्यंत मुक्काम केला आणि आईने काकांना फैलावर घेतलं.  आई आत गेल्यावर काका हळूच म्हणाले, "किती दिस हात पुढे करून उभो रवलो बघ तो. माझोच माणूस तो. मीच त्येका थांबवलंय."

मला काही कळेना.  मग त्यांनी सांगितलं. संपावर बाहेर पडताना गिरणीच्या फाटकाशी त्यांनी तिथल्या राखणदाराला नवस केला होता: "संप मिटू दे, तुका कोंबो देतंय." पुढे गिरणीच उघडली नाही, आणि संप मागे घेतला म्हणून कुणी येऊन सांगितलंही नाही. मग नवस फेडायचा कधी? काका थांबले, तोही थांबला. "माझा आता वय झाला. फेडल्याशिवाय गेलंय, तर तो पोरांकडे मागतलो," काका म्हणाले.

गिरणी पाडायला घेणार अशी बातमी आली, तशी काकांनी कोंबडा आणला. पिशवीतून तुरा बाहेर काढलेला तो तांबडा कोंबडा घेऊन आम्ही तिन्हीसांजेला गिरणीकडे निघालो. फाटकावरच्या पहारेकऱ्याला काय थापा मारायच्या, हे मी वाटेत मनाशी घोकत होतो. पण आम्ही तोंड उघडण्याआधीच पहारेकरी कंदील घेऊन पुढे आला, कुलूप काढलं आणि म्हणाला, "अंदर आना है? आओ ना, चाचा."

 काकांनी माझं मनगट घट्ट धरलं. "तुका काय होया?" त्यांनी विचारलं. भय्याला काय समजलं कोण जाणे. तो म्हणाला, "मुझे क्या चाहिए? कल से तो गेट ही नहीं रहेगा."

आत अंधारात गिरणीची चिमणी तेवढी दिसत होती. काकांनी चपला काढल्या आणि कोकणातल्या रीतीने राखणदाराला गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा म्हाराजा, संप..."  मिटला म्हणावं, तर एवढी वर्षं कशासाठी काढली? न म्हणावं, तर नवस तसाच.  मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "हरलंव म्हणूचंय नाय मी. मिटलो म्हणतंय." आणि फाटकाकडे तोंड करून, साचेखात्यातल्या खडखडाटात हाक मारायचे त्या आवाजात ओरडले, "संप मिटलो, म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला बरोबरच्याने "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. मला वडिलांचं "संप चालू आहे" आठवलं आणि मी ते म्हटलंच नाही. काकांनी कोंबडा सोडला. तो क्षणभरही बावरला नाही. आपल्या घरात शिरावा तसा सरळ अंधारात चालत गेला.

काकांनी परत कॉम्प्युटरला हात लावला नाही. वर्षभरात ते शांतपणे गेले. गिरणीच्या जागी टॉवर झाला. अजून कधीतरी, पूर्वी पहिल्या पाळीचा भोंगा व्हायचा त्या वेळेला, टॉवरच्या बाजूने कोंबडा आरवतो. टॉवरात कोंबडा कोण पाळणार? आणि तोच म्हणावा, तर कोंबडा एवढी वर्षं जगतो का? मी कुणाला विचारलेलं नाही. आई अंथरुणातून म्हणते, "काकांचा." वडिलांच्या फोटोकडे बघत मी हळूच म्हणतो, "व्हय म्हाराजा."