शेपटीवर भरवसा ठेवणारा माणूस

आमच्या मोठ्या साडभाऊंइतका शेपटीवर भरवसा ठेवणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा सापडायचा नाही. शेपटी अँटीबॉडीची. अकोल्याच्या एका प्रयोगशाळेत ते रेबीजच्या विषाणूविरुद्ध अँटीबॉडी घडवत. ते माझ्या बायकोच्या ताईचे यजमान, आणि त्यांच्याच शब्दावर मी तिथे तंत्रज्ञ म्हणून चिकटलो होतो. अँटीबॉडीचे दोन हात विषाणूला धरतात. पण त्याचा निकाल लावायला शरीरातल्या लढाऊ पेशी याव्या लागतात, आणि त्या पकडतात ती शेपटी. ती शेपटी बदलून साडभाऊंना पेशींची पकड घट्ट करायची होती. हे ते कुणालाही, कुठेही समजावत. अमरावतीच्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाचे दोन्ही हात माझ्या गळ्यात घातले, त्याचा शेला मागून ओढला आणि वरमाईला म्हणाले, "हे पाहा बाप्पा, हातानं नुसतं धरून काय होते? मांगून ओढनारा पायजे!" वरमाई म्हणाली, "त्याच्यासाठीच त सून आनून राहिलो."

चार वर्षं हजारो पेशींतून निवडत त्यांनी ती अँटीबॉडी भरभरून देणारा एकच वाण काढला. त्याच्या कुप्या उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरात, आणि जादा जोडही त्याच फ्रीजरात. "घरचं बियानं घरातच ठेवतेत," हा त्यांचा हेका.

मे महिन्यातल्या एका शनिवारी लाइन गेली. जनरेटरवर चालणारं सॉकेट एकच. ऊन सोसवेना, म्हणून फ्रीजरचा प्लग काढून मी तिथे कूलर लावला. दहाच मिनिटांसाठी. संध्याकाळी कूलर बंद केला आणि अमरावतीची गाडी गाठायच्या घाईत फ्रीजरचा प्लग न लावताच निघून गेलो. सोमवारी सगळ्यांआधी पोचलो, तर कुप्यांत पाणी. मी गुपचूप प्लग परत लावला. साडभाऊ आले, वाकून खालचं पाणी पुसलं आणि म्हणाले, "म्याच दार नीट लावलं नसन."

मी मान हलवली. हो म्हणून.

वाण पुन्हा जगला नाही. वरिष्ठ प्रयोग नव्याने मांडायला तयार होते. साडभाऊच नको म्हणाले. "माहाच माह्यावर भरोसा नाई आता." त्यानंतर पाहुण्यांकडे गेले की आधी फ्रिजचं दार ओढून बघत. आइस्क्रीमवाल्याच्या पेटीचं झाकणही दाबत. घरची सगळी हसायची. मीही हसायचो.

निवृत्त होऊन ते बडनेऱ्याला राहतात. मागच्या आठवड्यात, सहा वर्षांनी, मी सगळं सांगितलं.

"म्हंजे दार लावाले मी भुललो नव्हतो?"

"नाही."

"मले वाटून राहिलं होतं का डोकं गेलं माहं." ते चिडले असते तर बरं झालं असतं. "कावून नाई सांगतलं?"

"भीती वाटली."

त्यांनी हात समोर धरले. उलटसुलट करून पाहिले. "आता कोन मांडते पुन्हा? आन् किती जन कुत्रं चावून गेले असतीन एवढ्यात." मग आतल्या दाराकडे बघत म्हणाले, "जाय, तुह्या ताईले सांग. माह्या तोंडून तिले खरं नाई वाटनार."

मी उठलो. आतून ताई भाकरी थापत असल्याचा आवाज येत होता. उंबऱ्याशी पोचलो तसे ते मागून हळूच म्हणाले, "थांब जरासा. तिची भाकर तव्यावर हाये, करपन."