सगळ्यांचेच तलावाकडे काम

आईच्या दीर्घ आजारपणात मला रात्री जागण्याची सवय लागली आणि आई गेल्यावरही ती सुटली नाही. दर थोड्या वेळाने उठायचे, तिला कुशीवर वळवायचे, घोटभर पाणी पाजायचे, हे माझ्या शरीराने इतके मनावर घेतले होते की, आता वळवायला कोणी उरले नाही ही गोष्ट त्याला पटवून देणे मला जमले नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, अशा अवस्थेत, पोंभुर्ण्याकडच्या एका गावातल्या शाळेत मी शास्त्र शिकवण्यासाठी रुजू झाले. नागपूरला राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाला हे मान्य नव्हते. जिला झोप येत नाही तिने परक्या गावात एकटे राहू नये, असे त्याचे म्हणणे होते आणि ते चुकीचे होते असे मी आजही म्हणणार नाही. शेवटी आमच्यात एक तडजोड झाली. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत झोप रुळावर आली नाही, तर मी नोकरी सोडून त्याच्या घरी राहायला जायचे. त्याचे घर दोन खोल्यांचे होते. माझ्यासाठी पडदा लावून एक कोपरा करून देण्याची त्याची तयारी होती. त्या पडद्याची मला भीती वाटत असे. भाऊ प्रेमळ होता, वहिनीही प्रेमळ होती. पण त्या पडद्यामागून मी पुन्हा कधी बाहेर पडणार नाही, हे मला कळत होते.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करत आणल्या आणि त्यांच्या जागी काही साध्या गोष्टी सांगितल्या. संध्याकाळचा चहा बंद करा, दिवस मावळायच्या आत जेवा, सूर्योदयापूर्वी मोकळ्या हवेत चाला. निघताना, दाराशी उभे राहून, ते जरा संकोचून म्हणाले, "आणि चांगले विचार करा."

गावाच्या उत्तरेला तलाव होता. भाद्रपद संपत आला होता. पहाटे घराबाहेर पडले की धुक्यात रस्ता दिसत नसे, केवळ पायांना लागत असे. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढले की एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला धान, आणि दोन्ही एकाच करड्या रंगाची. मोहाची झाडे एकेक करून जवळ येत आणि मागे जात. मी चालते आहे की तीच माझ्या शेजारून चालत निघाली आहेत, हे सांगता येत नसे. कोवळ्या लोंब्यांचा दुधट वास येई. रात्रभर न मिटलेले डोळे त्या धुक्यात अर्धवट मिटत आणि मला वाटे, झोप इथेच कुठेतरी आहे. ती घरी येत नाही एवढेच.

चांगले विचार मात्र जमत नव्हते. मी ते प्रयत्नपूर्वक बोलावी. नवीन वर्गातल्या मुलांसारखे ते रांगेत उभे राहत आणि माझी पाठ वळली की पांगत.

गावात कामाशिवाय कोणी चालत नसे, हे माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. शेतावर जायचे, रानात सरपणाला जायचे, पाणी आणायचे, देवदर्शनाला नाहीतर विहारात जायचे. पावलांना कारण असायचे. पहिल्याच आठवड्यात माझ्या घरमालकीणबाईंनी अंगण झाडता झाडता विचारले, "कुठी चालल्या, बाई?"

"तलावावर."

"काऊन?"

डॉक्टर, गोळ्या, आई. सांगायला पुष्कळ होते, पण मला मुळात बोलायची सवय कमी. मी म्हणाले, "काही नाही, सहज."

त्यांचा खराटा थांबला. माझ्या रिकाम्या हातांकडे त्यांनी पाहिले आणि पुन्हा झाडू लागल्या.

दुसऱ्या दिवशी घरमालकीणबाई कपड्यांचे गाठोडे घेऊन माझ्याबरोबर निघाल्या. "मले बी तिकडंच जाचं आहे," त्या म्हणाल्या. घरी अंगणात विहीर होती. पाळीवर पोहोचल्यावर गाठोडे सुटले, तेव्हा आतले कपडे धुतलेले आणि घड्या घातलेले निघाले. त्यांनी ते शांतपणे पुन्हा भिजवले.

त्यानंतरच्या पहाटे आमच्या शाळेच्या शिपायाची बायको भेटली. ही बोलकी, थट्टेखोर बाई, आमच्याच गल्लीत राहणारी. तिची बकरी हरवली होती. तलावाचा अर्धा फेरा होईपर्यंत तिने बकरीला हाका मारल्या. परत येताना तिच्या घरामागून बकरी स्वच्छ ओरडली. ती म्हणाली, "हे दुसरी आहे, बाई." त्यांच्याकडे दुसरी बकरी नव्हती.

तिसरी होती तलावात मासे धरणारी आणि शिंगाड्याचे वेल लावणारी म्हातारी ढिवरीण. तिला खरोखरच तलावाकडे काम असे, म्हणून तिचा मला राग येत नसे. पण हल्ली तीही आपला होडीसारखा डोंगा सोडून, काठाकाठाने, माझ्या मागे दहा पावलांवर चालू लागली होती.

मी वैतागले. एकटेपणासाठी मी ती वेळ निवडली होती. शेवटी एका पहाटे कोणाला न सांगता जंगलाकडचा रस्ता धरला. थोड्या वेळाने मागून सायकलीची खडखड ऐकू आली. शाळेचे शिपाईभाऊ सायकल हातात धरून येत होते.

"पंचर झाली," ते म्हणाले.

दोन्ही चाके टणक होती. आम्ही दोघे आणि ती सायकल सागाच्या झाडांमधून तसेच परत आलो.

'मला एकटीला जाऊ द्या' हे एक वाक्य मी रात्र रात्र मनात रचत होते. त्याचे शब्द सौम्य करत होते. ते काही तोंडून निघाले नाही. त्यापेक्षा चालणे सोडून देणे सोपे वाटले आणि मी ते सोडले. दिवाळी जवळ येत होती. हलके धान पिवळे पडले होते. झोप नव्हतीच.

त्या आठवड्यातल्या रविवारी दुपारी ढिवरीण आमच्या अंगणात उकडलेले शिंगाडे घेऊन आली. घरमालकीणबाई आणि शिपायाची बायको सोलायला बसल्या होत्या. मलाही बसवले. मग ढिवरीण म्हणाली, "बाई, तुमी जानं सोडलं हे लय बेस केलं. आता आमाले जराशी झोप लागते."

"तुमची झोप मी कशी घालवली?"

"कशी म्हन्ते! चारले उठाचं, तुमी निघाल्या का मांगं लागाचं. या बाईनं तं धुतलेले कपडे तीनदा धुतले."

घरमालकीणबाई खाली मान घालून सोलत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मांगं एक जन अशीच जाये. सकाडी सकाडी, हातात काई नाई. आमी म्हनलं, जाते तं जाऊ दे. एक दिवस गेली ते आलीच नाई. तुमची माय नुकती गेली. तुमी जेवत नाई, रातभर तुमचा दिवा दिसते. मंग आमी पाऱ्या लावल्या, आज हे तं उद्या ते."

मग मी सगळे सांगितले: डॉक्टर, गोळ्या, सूर्योदय, चांगले विचार. गावात आल्यापासून इतके सलग मी वर्गाबाहेर कधी बोलले नव्हते. माझे संपले तेव्हा शिपायाच्या बायकोने पदर तोंडाला लावला होता. हसू आवरत नव्हते तिला.

"झोपीसाठी चालून राह्यल्या होत्या? अन् आमी त्या बकरीले हाका मारू मारू गळा बसवला."

"बकरी ओरडली तेव्हा मला कळलं होतं," मी म्हणाले.

"कडलं होतं तं सांगाचं ना, बाप्पा. मी रोज नवीन काम कुठून आनू?"

दुसऱ्या पहाटे माझ्याबरोबर कोणी आले नाही. भीती मिटली होती, त्यांची झोप त्यांना परत मिळाली होती. अंगण रिकामे, रस्ता रिकामा. पाळीवर चढले तेव्हा मला हवे होते ते सगळे तिथे होते: धुके, पाणी, निवांतपणा. मी पहिल्या मोहापर्यंत गेले. पाण्यात काहीतरी हलले, बहुधा पाणकोंबडी असावी. पाळ पुढे धुक्यात शिरत होती आणि तिचा शेवट दिसत नव्हता. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. मग वळले, सरळ ढिवरिणीच्या घराशी गेले आणि दाराबाहेरून विचारले, "आज माझ्याबरोबर येता का?"

ती चूल पेटवत होती. "आता कायले? आता तं भेव नाई."

"मला एकटीला करमत नाही."

हे मी कोणाला तरी म्हणाले, याचे आश्चर्य मला वाटेत वाटले. आईच्या आजारपणातही मी कोणाला 'या' म्हटले नव्हते. भावालासुद्धा नाही.

त्या दिवसापासून कोणी ना कोणी असे. कधी तिघी. त्या मला काही शिकवत नव्हत्या. जावयाची तक्रार, शिंगाड्याला लागलेली कीड, विहारात वर्षावासाच्या समाप्तीला झालेली खीर आणि ती कोणी जास्त खाल्ली, असे बोलत आम्ही सांडव्यापर्यंत जात असू. चांगले विचार करायला सवड मिळत नसे, वाईट करायलाही नाही. परत आल्यावर भूक लागे. घरमालकीणबाई तांदळाची पेज आणि जवसाची चटणी पुढे ठेवत. संध्याकाळी दिवस असतानाच अंबाडीची भाजी-भाकर होई. कधी त्या माझे पाय ओढून घेत आणि काशाच्या वाटीने तळव्यांना तेल चोळत. मी लाजून पाय मागे घेई. "ठेवा सीधे," त्या म्हणत. रात्री मी अजूनही जागी होई. पण जाग आणि जाग यांच्यामध्ये आता काहीतरी असे, पाळीवरच्या धुक्यासारखे, ज्यातून आल्याचे आठवत नसे.

दिवाळीची सुट्टी लागली आणि भाऊ दुपारच्या बसने मला न्यायला आला. मला ते कळले नाही. जेवण झाल्यावर मी पडवीत चटईवर सहज कलंडले होते. त्यानंतरचे मी भावाकडून ऐकले. पुढे कित्येक वर्षे तो ते, घरमालकीणबाईंचा आवाज काढून, सांगत असे.

त्या पडवीच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी त्याला आत येऊ दिले नाही.

"झोपल्या हायेत."

"मी तिचा भाऊ. तिला न्यायला आलोय, तसं ठरलंय आमचं."

"न्याल. झोप झाल्यावर न्याल."

"परतीची बस निघून जाईल हो."

"बस उद्या बी येते. हे झोप उद्या येते का नाई, कोनाले मालूम?"

मी उठले तेव्हा अंगणातले ऊन कुंपणावर चढले होते. किती वेळ गेला ते समजेना. सकाळ आहे की संध्याकाळ हेही कळेना. अंग जड आणि ऊबदार होते, जणू कोणी मला कुशीवर वळवून, पांघरूण नीट करून गेले होते. अंगणात बाजेवर भाऊ बसला होता. त्याच्यापुढे शिंगाड्यांच्या सालींचा ढीग होता आणि त्याची बोटे काळी झाली होती.

"कधी आलास?"

"झाला वेळ." तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला, आईकडे बघायचा तसा. मग म्हणाला, "मी सकाळच्या गाडीने जाईन. तू सोडायला उठू नकोस."

मी त्याला सांगितले की, मी पहाटे उठतेच.

"उद्या नको," तो म्हणाला, आणि त्याने सोललेला एक शिंगाडा माझ्या हातावर ठेवला.