बारकूची खुंटी

फांदी खाली आली आणि विजया मॅडमची स्कूटर वर गेली.

दोष सर्वस्वी नीलेशचा. सिल्व्हासाच्या डोकमर्डी भागातल्या एका सोसायटीमागे एक भलामोठा शिरीष वाळून उभा होता, तो उतरवायचं काम चाललं होतं. बारकू वर बसून फांद्या कापत होता. प्रत्येक फांदीला दोर बांधलेला, दोर वरच्या बेचक्यातून खाली सोडलेला. खालच्या माणसाने तो शेजारच्या नारळाला तीन वेढे देऊन हळूहळू सैल करायचा, म्हणजे फांदी पाहुणीसारखी सावकाश उतरते. फॅक्टरीला सुट्टी म्हणून दोर धरायला आलेला नीलेश नारळापाशी गेला, तर तिथे मुंगळ्यांची मिरवणूक निघालेली. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि दोर सरळ स्कूटरच्या मागच्या कॅरियरला गुंडाळला. फांदी स्कूटरपेक्षा जड निघाली. स्कूटर कंबरभर उचलली गेली, तिने एक गिरकी घेतली आणि ती तशीच लटकत राहिली. तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

बारकूने वरून शांतपणे विचारलं, "नीलेश, परवानगीचा कागद झाडाचा आहे. स्कूटर उपटायला कोणी सांगितलं?"

बारकू मूळचा नवापूरकडचा. एकोणिसाव्या वर्षी सिल्व्हासाला सुताच्या कारखान्यात लागला आणि मशीनचा आवाज सोसेना म्हणून तीन महिन्यांत सुटला. पुढे त्याने लाकूड कापायचं मशीन घेतलं, जे त्या अख्ख्या कारखान्यापेक्षा जास्त ओरडतं. पण बावीस वर्षांत त्याच्या हातून कोणाचा साधा पत्राही फुटला नव्हता. झाडाला हात लावण्याआधी तो तासभर त्याच्याभोवती फिरायचा, कुऱ्हाडीच्या पाठीने बुंधा ठोकून आत पोकळ आहे का ते ऐकायचा. मग झाड पडताना पळायची वाट ठरवायची. नुसती ठरवायची नाही, दगड बाजूला सारून सगळ्यांनी तिच्यावरून दोनदा पळून दाखवायचं. आणि काम सुरू झालं की बोलायचं फक्त त्याच्या बायकोने, चिमाबाईने. तिचा हात वर गेला की बारकूचं मशीन बंद. घरीही तसंच आहे, असं चिमाबाईच सांगते.

स्कूटर उतरली, ओरखडाही नव्हता. पण विजया मॅडम बाहेर आल्या त्या चेहरा बदलूनच; झाडाचं काम त्यांनीच दिलेलं. चिपळूणच्या बाई, तीस वर्षं इथल्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. माझं स्वयंपाकघर बुंध्यापासून दहा फुटांवर आहे, त्या म्हणाल्या, आता राहिलेलं काम मी वापीच्या क्रेनवाल्यांना देते.

बारकूचा चेहरा उतरला. अर्ध्यावर हटवलेला माणूस म्हणून संध्याकाळपर्यंत पार टोकरखाडा वस्तीपर्यंत बातमी पोहोचली असती, आणि मग त्याला बोलावणार कोण? त्याने तीस-एक फुटांवर एक लाकडी खुंटी ठोकली. बुंधा या खुंटीवर पडेल आणि हातोड्यासारखा तिला आत ठोकेल, ही त्याची नेहमीची पैज.

"खुंटी तुमची," मॅडम म्हणाल्या. "गेली तर माझं काय बिघडतं? प्रयोग करायचा तर नीट करा."

त्या घरात गेल्या आणि चिनीमातीची लोणच्याची भरलेली बरणी घेऊन आल्या. चिपळूणहून बसमध्ये मांडीवर धरून आणलेली. ती त्यांनी खुंटीपासून दोन हातांवर ठेवली आणि त्या लांब जाऊन हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

नीलेशने बरणीकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, "दादा, दोर दुसऱ्या कोणाला द्या."

"तूच धर. आज तुझ्याइतकं घाबरलेलं दुसरं कोणी नाही."

झाडाच्या उंचीच्या दुपटीने लांब जाऊन नीलेश आणि चिमाबाईने बुंध्याच्या वरच्या टोकाला बांधलेला दोर ताणला. बारकूने खुंटीच्या बाजूने बुंध्यात खाच पाडली, मागून काप घेतला, पाचर ठोकली. मधे चार बोटं लाकूड मुद्दाम ठेवलं, ती झाडाची बिजागरी. ती कापली की झाड मन मानेल तिकडे जातं. नीलेशला जोर लावावासा वाटत होता, पण चिमाबाईने त्याच्या मनगटावर चापट मारली. दोराने झाड पाडायचं नसतं, नुसती दिशा दाखवायची असते.

मग तिने हात खाली करून खूण केली आणि बारकूने पाचरीवर शेवटचा घाव घातला. बुंधा करकरला, जरासा थांबला आणि शहाण्यासारखा निघाला. बारकू ठरलेल्या वाटेवरून पळत सुटला. धप्प. खिडक्या खणखणल्या, धुरळा उडाला.

धुरळा बसला तेव्हा खुंटी जमिनीत गायब होती आणि बरणी जागच्या जागी उभी. तिसऱ्या मजल्यावर आता तिघेजण टाळ्या वाजवत होते. नीलेश चिमाबाईसमोर नाचायलाच लागला. मॅडमही हसल्या, पण पुढे गेल्या आणि वाकून त्यांनी दगडापाशी पडलेले दोन तुकडे उचलले. हादऱ्याने बरणीचं झाकण उडून फुटलं होतं.

"पैज बरणीची होती, मॅडम," बारकू म्हणाला.

"झाकण बरणीचंच असतं, बारकूभाऊ."

बारकू बरणीपाशी बसला. त्याने सुतळीने बरणीच्या तोंडाचं माप घेतलं, गाठ मारली आणि सुतळी खिशात टाकली. समोरच्या बागेतला वाकलेला गुलमोहर कधी उतरवाल, एवढंच मॅडमनी विचारलं.

गुलमोहर उतरून दोन महिने झाले. बारकू दर आठवडी बाजारात भांडीवाल्यापुढे सुतळी काढून बसतो. एखादं झाकण सैल पडतं, एखादं बसतच नाही. विजया मॅडमच्या लोणच्यावर अजून स्टीलची वाटी पालथी आहे.