दुभाषी डॉक्टर

निखिलचा फोन आला तेव्हा मी टोकियोत, एदोगावातल्या आमच्या इमारतीखाली प्लास्टिकच्या कचऱ्याची पिशवी ठेवत होते. "वृंदा गेली..." एवढंच तो म्हणाला. मागून हॉस्पिटलातल्या जपानी घोषणा ऐकू येत होत्या. आदल्या दिवशी दुपारी जपानीच्या क्लासला निघालेली वृंदा, माझी मैत्रीण, कावासाकी स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर कोसळली होती. मेंदूत रक्तस्राव. वय सेहेचाळीस. याला आता पाच आठवडे झाले.

ती डॉक्टर होती हे इथे फार थोड्यांना ठाऊक होतं. मूळची सांगलीची, पण शाळेत असतानाच आईवडिलांबरोबर अमेरिकेला गेली आणि तिथे ऑस्टिओपॅथिक डॉक्टर झाली. नावापुढे एम.डी. नाही, डी.ओ. "अगं, औषधं, शस्त्रक्रिया, सगळं तेच शिकवतात. वर हात वापरायला शिकवतात," ती सांगायची. पहिल्या वर्षी म्हणे डोळे मिटून एकमेकांच्या पाठीवर बोटं ठेवायची, कुठला मणका अडलाय ते कळेपर्यंत. स्पेशालिटी निवडायची वेळ आली तेव्हा वडील हृदयरोगासाठी हटून बसले होते. हिने फॅमिली मेडिसिन घेतलं, कारण तिथे माणसाला रोज हात लावता येतो. वडील वर्षभर तिच्याशी धड बोलले नाहीत.

मग निखिलला कंपनीने जपानला पाठवलं. दोन वर्षांसाठी. त्या दोनाची नऊ कधी झाली ते त्या दोघांनाही कळलं नसावं. मुलगी ईरा इथल्या शाळेत रुळली, निखिलची टीम वाढली, आणि वृंदा त्याच्या व्हिसावर घरी. इथे डॉक्टर व्हायचं तर आधी जपानीची सर्वांत वरची परीक्षा, मग कागदपत्रांची छाननी, मग जपानीतून रोगी तपासून दाखवायचा, आणि त्यानंतर राष्ट्रीय परीक्षा. तिच्या पदवीची दोन अक्षरंच छाननीत पुन्हा पुन्हा अडकायची; इथे ऑस्टिओपॅथी म्हणजे डॉक्टरी नव्हेच. गंमत म्हणजे स्टेशनासमोर मालिशसारखं दुकान टाकून लोकांच्या पाठी दाबायला तिला कुणी अडवलं नसतं. मी एकदा तसं सुचवलंही. ती चिडली नाही. म्हणाली, "तिथे कुणी कॅन्सर घेऊन आला, तर मी काय करू? चादर बदलू?" अमेरिकेला परत जायचं म्हटलं तर तिथेही रोगी पाहिल्याला इतकी वर्षं लोटली होती की दर वर्षी ते दार थोडं आणखी लागत होतं. निखिलला हे दिसत होतं, तो वाईटही नव्हता. फक्त दर मार्चमध्ये म्हणायचा, "एवढं प्रोजेक्ट होऊ दे..."

शेवटी एका संस्थेतर्फे ती हॉस्पिटलांत दुभाषी म्हणून जाऊ लागली. डॉक्टर बोलेल ते रोग्याला, रोगी बोलेल ते डॉक्टरला. स्वतःचं एक अक्षरही घालायचं नाही, असा नियम. "रोग समोर बसलेला दिसतो गं, आणि मी आपली क्रियापदं जुळवत असते," ती म्हणाली होती.

माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या तेव्हा त्यांची पाठ दोन महिने दुखत होती. जवळच्या क्लिनिकमध्ये एक्स-रे काढून 'वयोमानाने' असं सांगितलं. वृंदा सहज भेटायला आली होती. सासूबाईच म्हणाल्या, "तू डॉक्टर ना? बघ जरा." "इथे नाहीये मी डॉक्टर, काकू," म्हणत ती जागची हलली नाही. मग त्यांना खुर्चीतून उठताना पाहिलं आणि त्यांच्या मागे जाऊन बसली. हात चोळून गरम केले, मणक्यांवरून बोटं खाली आणली, एका जागी थांबली. "संध्याकाळी ताप येतो का? अंगावरचे कपडे सैल झालेत का?" दोन्हींना हो.

पुढच्या तपासणीला संस्थेमार्फत दुभाषी म्हणून तीच आली. तरुण डॉक्टर पुन्हा वेदनाशामक लिहीत होता. वृंदाने त्याचं वाक्य नीट मराठीत सांगितलं. मला तिची मांडीवरची मूठ दिसत होती. मग मान खूप खाली घालून ती त्या डॉक्टरला जपानीत म्हणाली, "सेन्सेई, क्षमा करा. या एका मणक्यावर हलकेच ठोकून पाहाल का?" त्याने ठोकलं. सासूबाई ओरडल्या. त्याच आठवड्यात एमआरआय झाला. मणक्याचा क्षय निघाला, वेळेवर. आणखी काही दिवस उशीर झाला असता तर पायांतली ताकद गेली असती, असं मोठ्या हॉस्पिटलात सांगितलं.

निघताना त्या डॉक्टरने तिला वाकून नमस्कार करत विचारलं होतं, "आपण नर्स आहात का?" "नाही," वृंदा म्हणाली, "दुभाषी."

त्याने कौतुकानेच ही गोष्ट संस्थेला कळवली, आणि तिथेच बिनसलं. बोलावून, अतिशय नम्रपणे, तिला यापुढे काम देता येणार नाही असं सांगण्यात आलं. मी रडकुंडीला आले, माझ्यामुळे झालं म्हणून. ती मात्र कित्येक महिन्यांनी मोकळी हसली. "त्या दिवशी मी डॉक्टर होते. पूर्ण दोन मिनिटं." पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा अर्ज भरला. या वेळी अर्ज छाननीतून पार झाला. रोगी तपासून दाखवायच्या चाचणीत नापास झाली, तीही जपानीतली विनयाची, आदरार्थी क्रियापदं चुकल्यामुळे. त्यासाठीच तो दुपारचा क्लास होता.

गेल्या रविवारी मी आणि नवरा कावासाकीला निखिलच्या घरी गेलो. निखिल कॉम्प्युटर उघडून बसला होता. अमेरिकेतला तिचा परवाना ती दर वेळी अभ्यासाचे तास पुरे करून नवा करत असे; त्याची आठवण करून देणारी मेल आली होती. नूतनीकरण करायचं नसेल तर कारण निवडा... निवृत्त, स्थलांतर, मृत्यू. निखिलचं बोट माऊसवर होतं. ईरा मागून जपानीत काहीतरी भरभर पुटपुटली. मला कळलं नाही. निखिल मराठीत म्हणाला, "ती म्हणते, मुदत संपेपर्यंत राहू दे." त्याने ती मेल बंद केली.

घरी येऊन मी तिला परवाना देणाऱ्या अमेरिकेतल्या राज्याची डॉक्टरांची यादी इंटरनेटवर उघडली. तिचं नाव आहे. पुढे डी.ओ., आणि त्यापुढे हिरव्या अक्षरांत, कार्यरत.